जुने-नवे हॉर्न जमवावेत कसे आणि वाजते ठेवावेत कसे

हॉर्नचा संग्रह करायचा तर आधी एक गोष्ट ठरवून टाका: तो भिंतीवर टांगायचा आहे की वाजवायचा आहे. मी वाजवणारी. ऑर्केस्ट्रातला फ्रेंच हॉर्न हे माझं काम, आणि माझ्याकडे जे जुने-नवे हॉर्न साठले आहेत ते सगळे आलटून पालटून तालमीला आणि मंचावर येतात. पुढचं सगळं अशा वाजत्या संग्रहासाठी लिहिते आहे. त्यात एक अडचण कायम सोबत असते. जुन्या पितळेला सगळ्यात जास्त झीज होते ती वाजवणाऱ्याच्या ओलसर श्वासानं, आणि न वाजवलेला हॉर्न आपल्याला काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या हॉर्नशी वागताना माझा नियम एकच: तो वाजवायचा, पण जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही असं त्याच्यावर काहीही करायचं नाही.

काय घ्यावं, कशासाठी घ्यावं

हॉर्न दिसायला देखणा आहे, कोरीवकाम सुरेख आहे, एवढ्यावर घेऊ नका. एखाद्या रचनेनं तुम्हाला कोड्यात टाकलं असेल तर त्या कोड्यासाठी हॉर्न शोधा. जर्मन संगीतकार ब्राम्सनं त्याचं हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोचं त्रिकूट, ओपस ४०, १८६५ साली केलं. तोवर व्हॉल्व्ह, म्हणजे कळ दाबली की हवा जादा नळीतून वळवणारी यंत्रणा, येऊन जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांना त्याचं पेटंट १८१८ मध्ये मिळालं होतं. तरी ब्राम्सला हवा होता तो बिनव्हॉल्व्हचा वाल्डहॉर्न. का, हे पुस्तक वाचून अर्धंच कळतं. ई-फ्लॅटच्या नळीवर, बेलमध्ये, म्हणजे हॉर्नच्या पसरट तोंडात, हात आत-बाहेर करत तो संथ भाग वाजवला की काही स्वर आपोआप झाकले जातात, काही मोकळे सुटतात, आणि त्या ऊन-सावलीवरच चाल बेतली आहे हे कानाला पटतं.

अशा कोड्यांच्या मागे गेलात तर संग्रहाला आपोआप आकार येतो. मोत्सार्ट आणि बेथोव्हनसाठी क्रूकवाला नॅचरल, म्हणजे बिनव्हॉल्व्हचा हॉर्न. क्रूक म्हणजे पट्टी बदलण्यासाठी लावायची वेटोळी नळी. एफची पूर्ण नळी सुमारे ३.७ मीटर भरते, ई-फ्लॅटची सव्वाचारच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतासाठी पिस्टनचा, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या व्हॉल्व्हचा हॉर्न. पॅरिसच्या कॉन्झर्व्हातॉरमध्ये व्हॉल्व्ह हॉर्नचा वर्ग १८३३ ला सुरू झाला, १८६४ ला बंद पडला, आणि नॅचरल हॉर्न मात्र तिथे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत शिकवला गेला. त्यामुळे तिथले पिस्टनवाले हॉर्नही हातानं वाजवायच्या हॉर्नसारखेच हलके आणि अरुंद राहिले. त्यानंतर व्हिएन्नाचा एफ हॉर्न. लेओपोल्ड उलमान यांचं १८३० चं दुहेरी पिस्टनचं व्हॉल्व्ह त्यावर आजही असतं आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक तोच वाजवते. शेवटी डबल हॉर्न, म्हणजे एफ आणि बी-फ्लॅट एका अंगात. त्याची सुरुवात १८९७ च्या सुमाराला एर्फुर्टच्या क्रुस्पे यांच्या कारखान्यात झाली.

आधुनिक हॉर्नमध्ये दोन घराणी जवळ असावीत. क्रुस्पे पद्धतीच्या बांधणीत बेलचा गळा रुंद आणि अंगठ्याचं व्हॉल्व्ह पहिल्या व्हॉल्व्हच्या वर असतं. कार्ल गायर यांच्या पद्धतीत ते तिसऱ्याच्या पुढे, नळीचा मार्ग सरळ, गळा मध्यम. पहिल्याचा आवाज पसरतो, दुसऱ्याचा टोकदार पोचतो. दोन्ही एकाच दालनात लागोपाठ वाजवून बघा, मग कुठला आपला ते ठरवा. तिसरा घ्यायचाच असेल तर माइन्झच्या आलेक्झांडरचं १०३ हे मॉडेल. ते १९०९ पासून चालत आलं आहे आणि दोन्हींपेक्षा निराळं बोलतं.

आणि नॅचरल हॉर्न पहिल्यांदा घेताना नवा घ्या, जुना नको. ऑस्ट्रियाचे आंद्रेआस युंगविर्ट, अमेरिकेचे रिचर्ड सेराफिनॉफ यांच्यासारखे कारागीर जुन्या नमुन्यांवरून उत्तम प्रती घडवतात. नव्या हॉर्नला गळती नसते आणि त्याची पट्टी ठाऊक असते, त्यामुळे सूर घसरला तर दोष हाताचा की ओठाचा हे लगेच कळतं. शंभर-दीडशे वर्षांच्या हॉर्नवर शिकायला बसलात तर चूक तुमची की त्याची, याचा पत्ताच लागत नाही.

जुना हॉर्न तपासताना

सोबत काय न्यायचं: स्वतःचे दोन-तीन माउथपीस, ट्यूनर, लहान विजेरी, मऊ सुती कापड आणि हलकं व्हॉल्व्ह तेल. तोंड लगेच लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या नळीत तांब्याचा हिरवा गंज असतो, तो विषारी आहे. आधी नुसतं बघा आणि चाचपा.

सुरुवात लीडपाइपपासून करा, म्हणजे माउथपीस बसतो ती पहिली अरुंद नळी. वाजवणाऱ्याचा सगळा ओलावा इथे साचतो. विजेरीच्या तिरप्या उजेडात बाहेरून गुलाबी ठिपके दिसले, त्यातही मध्यभागी काळा बिंदू असलेले, तर समजा पितळेतलं जस्त आतून झिरपून गेलंय आणि मागे भुसभुशीत तांबं राहिलंय. असा ठिपका नखानं कुरतडू नका, भोक पडेल. ठिपके एक-दोनच असतील तर हॉर्न घेता येतो, लीडपाइप पुढे बदलता येतं (मूळचं जपून ठेवायचं). पण तेच ठिपके व्हॉल्व्हच्या आतल्या नळ्यांवर किंवा बेलच्या वळणावर असतील तर मी हात जोडते.

पोच्यांचं बरंचसं जागेवर अवलंबून असतं. बेलच्या रुंद भागातला मोठा पोचा डोळ्याला खुपतो, आवाजाचं फारसं काही बिघडवत नाही. लीडपाइपमधला किंवा पहिल्या वेटोळ्यातला डाळीएवढा पोचा मात्र एखादा स्वर डळमळीत करून ठेवतो. म्हणून बोट नळीवरून सावकाश फिरवा. डोळ्यांनी सुटतं ते बोटाला लागतं.

बेल उजेडाकडे धरून आतून बघा. हातानं घडवलेल्या जुन्या बेलला पत्रा वळवून जोडल्याची शिवण असते, लांबट फिकट रेघ. हातोडीचे बारीक पैलूही दिसतात. कडेला कोरलेल्या कारागिराच्या नावावर एकदम विश्वास ठेवू नका, कारण एकाची बेल दुसऱ्याच्या अंगाला जोडणं पूर्वी सर्रास चाले. बेल आणि अंग यांच्या सांध्यावरचं सोल्डर, धातूच्या पट्ट्यांची घडण, पितळेचा रंग या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहा. पुष्कळ नॅचरल हॉर्नना नंतर व्हॉल्व्ह बसवले गेले. त्याला मी खोट मानत नाही, तोही त्या हॉर्नचा इतिहासच. इंग्लंडचा नामवंत हॉर्नवादक डेनिस ब्रेन बरीच वर्षं पॅरिसच्या राऊ या कारागिरांच्या घराण्यातला पिस्टनवाला जुना फ्रेंच हॉर्न वाजवत असे, आणि त्यावरची त्याची वादनं ऐकून कुणी त्याला कमअस्सल म्हणणार नाही.

आता व्हॉल्व्हची परीक्षा, ही घाईत उरकू नका. प्रत्येक व्हॉल्व्हच्या स्लाइडवर, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवर, थेंबभर तेल सोडा. कळ न दाबता ती स्लाइड दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढा आणि थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. मग कळ दाबा. ‘टप्’ असा ठसठशीत आवाज आला तर आतली पोकळी टिकली, व्हॉल्व्ह घट्ट आहे. आवाज क्षीण आला तर थोडी झीज. काहीच आवाज नाही, तर हवा वाटेतच निसटली. ती रोटरभोवतीनं (रोटर म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला फिरता गाभा) गेली की स्लाइडच्या नळीभोवतीनं, हे कळण्यासाठी स्लाइडला जरा घट्ट ग्रीस लावून पुन्हा तेच करा. आता ‘टप्’ आलं तर दोष स्लाइडचा, आणि तो कमी खर्चाचा. रोटर झिजला असेल तर त्यावर मुलामा चढवून पुन्हा घासून बसवावा लागतो. काम होतं, पण ते निष्णात हाताचं आणि वेळखाऊ.

एखादी स्लाइड हलतच नसेल तर तिथे जोर करू नका. पकडीनं पिळलं की स्लाइड जागेवर राहते आणि शेजारचा सांधा उकलतो. झिरपणारं तेल लावून काही दिवस वाट बघायची. नाही हलली तर कारागिराकडं, तो बेतानं उष्णता देऊन सोडवतो. माउथपीस अडकला असेल तर त्यासाठीच केलेलं, तो बाहेर ओढायचं साधन वापरा.

पट्टीचा हिशेब

जुना हॉर्न आजच्या पियानोबरोबर वाजेल का, याचं उत्तर विकत घेण्याआधी काढा. फ्रान्समध्ये १८५९ साली ए हा स्वर ४३५ हर्ट्झला बांधून दिला गेला. इंग्लंडमध्ये उंच पट्टी बराच काळ चालली, ४५२ च्या आसपास. आज ४४० हे प्रमाण. नळी लांब करता येते, आखूड करता येत नाही. सगळा निर्णय या एका गोष्टीवर फिरतो.

सगळ्या स्लाइड पूर्ण आत ढकला, हॉर्न फुंकून कोमट करा आणि ट्यूनर लावा. कोमट करणं महत्त्वाचं आहे, कारण एका अंश सेल्सियसला सूर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो आणि गार हॉर्न नेहमी उतरलेलाच लागतो. एवढं करूनही तो ४४० च्या खाली राहिला तर आजच्या पट्टीसाठी तो निकामी. जुन्या पट्टीच्या मंडळींसाठी मात्र सोनं. उंच पट्टीचा, ४५२ चा असेल तर एफच्या नळीत सुमारे दहा सेंटीमीटर भर घालावी लागते. स्लाइडला दोन पाय असतात, म्हणजे ती पाच सेंटीमीटर ओढायची. तेवढी ती बाहेर येते का, आणि व्हॉल्व्हच्या छोट्या स्लाइडही त्याच प्रमाणात ओढता येतात का, हे मोजून घ्या. मुख्य स्लाइड ओढली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या तर मोकळे स्वर जुळतात आणि दाबलेले चढे राहतात.

बरोक वादकांबरोबर ४१५ ला वाजवायचं असेल तर सोपी युक्ती आहे. ४१५ म्हणजे ४४० पेक्षा अर्ध्या स्वरानं खाली. एफच्या जागी ई चा क्रूक लावा आणि एफचाच भाग वाचा. अभिजात काळाच्या ४३० साठी स्लाइड चारेक सेंटीमीटर ओढली की पुरतं.

धुणं-पुसणं, आणि काय करू नये

जुन्या हॉर्नचा राप घालवू नका. चकचकीत करण्याच्या प्रत्येक खेपेला थोडा धातू निघून जातो, आणि जुनी बेल अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकते. कोरलेली नावं अशीच पुसली गेली आहेत. त्याहून वाईट म्हणजे पितळेच्या पॉलिशमधला अमोनिया. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो, आणि अमोनिया लागला की त्या ताणाच्या रेषेवर चीर जाते. आज नाही दिसत, पुढे कधीतरी बेलच्या कडेपासून उकलत येते. बाटलीचं झाकण उघडल्यावर नाकात झिणझिणलं तर ती बाटली हॉर्नच्या खोलीत आणू नका. लिंबू, व्हिनेगर, कसलंही आम्ल नको. ते जस्त खातं, आणि पितळ स्वच्छ झालंय असं वाटतं तेव्हा ते खरं तर तांबूस पडत असतं.

आतून धुवायचं ते असं. सगळ्या स्लाइड काढून ठेवा, कोणती कुठली ते लिहून. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, आणि लवचिक तारेचा ब्रश, ज्याची टोकं प्लास्टिकनं झाकलेली आहेत. पाणी गरम नको, लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, फुगतं. लीडपाइपमधून ब्रश ढकलताना कुठे अडला तर मागे घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग उभा टांगून पूर्ण वाळवा. हे झालं की तोंड लावायला हरकत नाही.

रोटर स्वतः काढायचे तर एका वेळी एकच काढा. ते दिसायला सारखे असतात पण प्रत्येक आपापल्या घरातच बसतो, अदलाबदल चालत नाही. मागचं झाकण काढून, कळीला जोडणारी दोरी सोडवून, रोटरच्या दांड्याच्या टोकावर लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि खाली तळहात धरायचा. परत बसवताना धातूच्या पट्टीवरची खूण आणि दांड्यावरची खूण एका रेषेत आली पाहिजे. रोटरचं फिरणं जिथे थांबतं तिथले बुचाचे तुकडे झिजले असतील तर ती येत नाही आणि सूर कोंदतो. हे काम आधी आधुनिक हॉर्नवर हात बसेपर्यंत करा. दीडशे वर्षांचं व्हॉल्व्ह उघडायला मी आजही कारागिराकडेच देते.

लॅकर नवं चढवणं, बेल कापून स्क्रूनं काढता-लावता येईल अशी करणं, लीडपाइप आजच्या माउथपीससाठी कोरून रुंद करणं, हे तिन्ही निषिद्ध. तिसरं करायला सांगणारे सगळ्यात जास्त भेटतात. माउथपीस हॉर्नला जुळवायचा असतो, हॉर्न माउथपीसला नव्हे. जुन्या माउथपीसची कड पातळ आणि आतला आकार खोल नरसाळ्याचा असतो. तशाच आकाराचा, दांड्याची चढण जुळणारा नवा करून मिळतो. आत सुमारे अडीच सेंटीमीटर जाऊन, न डुगडुगता बसला की बरोबर.

ठेवण्याबद्दल थोडक्यात: कोरडी खोली, स्थिर तापमान. रबर आणि लोकर चांदीच्या जवळ नको, त्यातल्या गंधकानं ती काळवंडते. ओकच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते आणि जुन्या सोल्डरमधल्या शिशाला ती पांढरी पूड धरवते, तेव्हा धातूचं उघडं शेल्फ आणि वर सुती झाकण बरं.

हातानं सूर काढणं

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ते. नॅचरल हॉर्नवर ओठांनी मिळतात ते फक्त नळीचे नैसर्गिक स्वर. आठव्यापासून सोळाव्यापर्यंत ते सलग येतात, आणि सरगम येणाऱ्याला ही ओळ ऐकायला फार मजेची आहे. आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प, पंधरावा नि, सोळावा वरचा सा. अकरावा शुद्ध मध्यमही नाही आणि तीव्र मध्यमही नाही, जवळजवळ बरोब्बर मधोमध. तेरावा दोन्ही धैवतांच्या मध्ये. चौदावा कोमल निषादापेक्षाही उतरलेला. या तिघांना वळण लावायचं काम उजव्या हाताचं. अठराव्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनच्या आंटोन योझेफ हाम्पेल यांनी ही विद्या पद्धतशीर मांडली असं मानलं जातं.

हात कसा ठेवायचा: बोटं जुळलेली, अंगठा तर्जनीला लागून, तळवा किंचित खोलगट, आणि बोटांच्या पाठी बेलच्या भिंतीला टेकलेल्या. ही मोकळी स्थिती. मनगट बिजागरीसारखं धरून तळवा आत मिटत न्या, की सूर खाली घसरतो आणि आवाज झाकोळतो. अकराव्या स्वरावर हेच करत बसा. तळवा थोडा मिटला की तो खाली येऊन शुद्ध मध्यम होतो. तळवा नेहमीपेक्षा जास्त उघडून ओठ जरा आवळला की तीव्र मध्यमाच्या जवळ जातो. तानपुरा लावून केलं तर फार लवकर जमतं, हे माझं ठाम मत आहे. ट्यूनरचा काटा बघून हात हलवायची सवय लागली की कान मागे पडतो.

झाकलेला आणि मोकळा स्वर अगदी सारखा वाजवण्याचा हट्ट धरू नका. मोकळे स्वर थोडे दबून आणि झाकलेले थोडे जोर देऊन वाजवा, इतकंच. फरक उरतो, आणि तो उरायला हवा. मोत्सार्टच्या ई-फ्लॅटमधल्या कॉन्चेर्तोंत हा फरक काढून टाकला तर वाक्यं सपाट होतात.

एका हॉर्नवरून दुसऱ्यावर जाताना ओठांना सवड द्या. सकाळी नॅचरल आणि लगेच दुपारी डबल, असं मी करत नाही. आठवडाभर व्हिएन्ना हॉर्न वाजवायचा असेल तर सरावही त्याच्यावरच. त्याची अरुंद नळी स्वर उशिरानं पकडते आणि एकदा पकडल्यावर सोडत नाही, दोन स्वरांमधली मींड त्यावर इतकी गुळगुळीत येते की रोटरवर परतल्यावर काही दिवस चुकल्यासारखं वाटतं.

वाजवून झाल्यावर

जुन्या हॉर्नला ओला पेटीत कधीच बंद करू नका. क्रूक लगेच काढा, राहिला तर अडकतो. स्लाइड काढून पाणी झटका, दोरीला बांधलेलं कोरडं कापड नळीतून ओढा, आणि तासभर तरी मोकळ्यावर राहू द्या. क्रूक परत लावताना सांधा कोरडा आणि स्वच्छ ठेवून हलकेच फिरवत बसवा, ठोकू नका. ग्रीसची तिथे गरज नसते.

आधुनिक हॉर्नचं रोजचं एवढंच: रोटरला पातळ तेल स्लाइडच्या नळीतून, दांड्याच्या दोन्ही टोकांना जरा जाड तेल, स्लाइडला ग्रीस. तेल सोडताना स्लाइडवरचं ग्रीस धुऊन आत जाणार नाही अशा बेतानं नळी धरा. दोरी तुटायच्या आधीच बदला. सुटी दोरी आणि बारीक स्क्रूड्रायव्हर प्रत्येक पेटीत हवाच.

प्रत्येक हॉर्नची एक नोंद ठेवा. कुणाकडून घेतला, घेतला तेव्हाचे फोटो, वजन, बेलचा व्यास, कोणत्या तापमानाला कोणती पट्टी, कोणता माउथपीस, आणि कुणी काय दुरुस्त केलं. काढलेला जुना भाग, अगदी बुचाचा तुकडासुद्धा, पाकिटात घालून त्या नोंदीसोबत ठेवा. माउथपीसची कड हस्तिदंती असेल तर तेही लिहा, कारण हस्तिदंताला साइटिसचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत आणि असा माउथपीस घेऊन परदेशी कार्यक्रमाला जाताना सीमेवर कागद मागतात. कागद नसतील तर तो घरी ठेवून दुसरा न्या. क्रूकच्या संचात प्रत्येकाला नावाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. चिकटपट्टी नको, तिचा गोंद पितळेवर डाग पाडतो आणि काढताना लॅकर उचलतो.